बिनसुपारीची चावी

नेत्रावती दारात येऊन उभी राहिली तेव्हा सोजराबाई बशीतला चहा फुंकत होती. नेत्रावतीनं काही मागितलं नाही. सोजराबाईकडं असलेली समुदाय भवनाची चावी मयतासाठी मागायची नसते. घरातल्या एकानं येऊन नुसतं उंबऱ्यापाशी उभं राहायचं. हा नियम सोजराबाईनंच घातला होता आणि गिरणीमागच्या गल्लीत बारा वर्षं तो कुणी मोडला नव्हता.

“कवा?” सोजराबाईनं विचारलं.

“पावणेसहाला, मावशी. अप्पा उठून बसले, पाणी मागितलं. मी पाणी आणूस्तोर संपलं.”

“अन् तुजी माय?”

“बसलीय.”

सोजराबाईनं बशी खाली ठेवली. समोरच्या घरातला शिवशरणप्पा, माहेरी आलेल्या नेत्रावतीचा बाप, गेला होता. तिच्या नवऱ्याबरोबर, राघोबाबरोबर, गिरणीत एकाच पाळीला काम केलेला माणूस. आणि त्याच भवनात आज दुपारी साडेबाराला तिच्या नातीचा, अंजूचा साखरपुडा होता.

“जा तू. येते मी,” ती म्हणाली. नेत्रावती गेली.

मोरीतून हरिओम बाहेर आला. एका गालावर फेस तसाच. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“माय, चावी द्यायची न्हाई आज.”

“तुला कुणी इचारलं?”

“आगं, तेंचा मठ हाय की. मठात नेतील.”

“मठ गुलबर्ग्याच्या त्या टोकाला. तेंच्यात मयत बसवत्यात. रिक्षात बसवून नेणार हायेस का? मीटर लावून?”

विजयश्री पदराला हात पुसत आली. सून तशी गरीब, पण आज तिच्या केसात गजरा होता आणि गजरा असला की तिला आवाज फुटायचा. “आत्या, काल अकरा वाजूस्तोर फुलं बांधलीत. स्टेजवर दोघांची नावं चिकटवलीत. अफजलपूरची साठ माणसं निघायला तयार झाली असतील आता. मागच्या साली उदगीरवाल्यांनी काय केलं ते इसरलाव का तुमी? पोरीला दोनदा बघून, पोहे खाऊन, मग न्हाई म्हणाले. आता हे बी गेले तर?”

“ऐक की जरा तिचं,” हरिओम म्हणाला. एरवी बायकोचं ऐकायला त्याला वेळ नसे.

आतल्या खोलीतून अंजू बाहेर आली. हाताची मेंदी सुकलेली, अंगात घरातला झगा. ती दवाखान्यात नर्स होती आणि शिवशरणप्पांची साखर रोज सकाळी तीच तपासायची. “अज्जी, चावी दे तेंना,” ती म्हणाली. “एका खोलीत पाच जणं राहत्यात ते. अप्पांना कुठं बसवतील? मोरीत?”

“तू गप बस,” विजयश्री म्हणाली. “तुज्यासाठीच चाललंय हे समदं.”

“माज्यासाठी हाय तर मला इचारा की.”

सोजराबाईनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग मुलाला म्हणाली, “हरिओम, तुज्या बापाला कुठं ठिवलं व्हतं रे?”

हरिओमनं गालावरचा फेस पुसला. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

भवन म्हणजे एकच लांबडी खोली, वर पत्रा, एका टोकाला हातभर उंचीचा कट्टा. दारावर ‘समुदाय भवन’ अशी पाटी सरकारनं लावली, पण भिंती गल्लीनं उभ्या केल्या. गिरणी बंद पडली त्या साली रिकामे बसलेले कामगार विटा वाहत होते आणि बायका पाणी शेंदून देत होत्या. कोहिनूर गावातलं घर सोडून आलेल्या सोजराबाईला या शहरात आपलं म्हणावं असं पहिलं काही मिळालं ते हेच. गल्लीतली घरं दहा बाय बाराची. त्यात माणूस जन्मू शकतो, पण त्याचं बारसं मावत नाही. म्हणून सकाळी भवनात अंगणवाडी भरायची, दुपारी बायकांची शिलाई चालायची, संध्याकाळी म्हातारे पत्ते कुटायचे. पोलिओचे थेंब, रेशनचे अंगठे, निवडणुकीच्या चिठ्ठ्या, सगळं तिथंच. लग्नाचं किंवा बारशाचं असलं तर घरातल्यांनी सोजराबाईला हळद लावलेली सुपारी आणून द्यायची. ती सुपारी डब्यात टाकायची आणि दिवस डोक्यात ठेवायची. नेत्रावतीच्या भावानं, सिद्धलिंगनं एकदा वही आणून दिली होती. ती वही पापड वाळवताना वाऱ्यानं उडू नये म्हणून कामाला आली. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचा एकही दिवस कधी चुकला नव्हता.

मयताला मात्र सुपारी लागत नसे. मयत आलं की लग्न सरकायचं. हा नियम पडला तो राघोबाच्या दिवशी. त्या दिवशी भवनात नेत्रावतीचा साखरपुडा होता, तिच्या आईची, लिंगम्माची सुपारी दोन महिने आधी पोचलेली. पहाटे राघोबा गेला आणि सोजराबाई काही बोलायच्या आत समोरच्या लिंगम्मानं आपले पाव्हणे, तक्के, समई, सगळं उचलून भवनाच्या मागच्या मोकळ्या जागेत नेलं. कपाळाला आठी घातली नाही. त्याबद्दल सोजराबाईनं तिला हातच जोडले असते. पण दुपारी, राघोबाच्या उशाशी ती बसलेली असताना, मागच्या खिडकीतून वास आला. तुपाचा, वेलदोड्याचा, गुळात शिजणाऱ्या गव्हाचा. माझा माणूस इथं आडवा पडलाय आणि ही बाई भिंतीपलीकडं हुग्गी शिजवायलीय. त्या दिवसापासून सोजराबाई लिंगम्माशी बोलली नव्हती. घरात तिचं नाव काढायचीही बंदी होती. पोरं एकमेकांकडं जायची, वाटी-वाटी साखर इकडून तिकडं व्हायची, पण दोघी म्हाताऱ्या अडीच हाताच्या गल्लीत समोरासमोर बसून बारा वर्षं भिंतीकडं बघत होत्या.

“चावी मी देणार,” सोजराबाई उठत म्हणाली. “तिनं दिलं अन् मी न्हाई दिलं, हे ऐकून घ्यायला मी जिती राहायची न्हाई. पण एक ध्यानात ठिवा. मयत गल्लीतनं हलूस्तोर भट्टी पेटणार न्हाई. आचाऱ्याला, बंडेप्पाला सांगा. चहा बी न्हाई. मी तिच्यावाणी न्हाई.”

हरिओमनं तोंड उघडलं. मग बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि उरलेली दाढी करायला मोरीत गेला.

भवनाचं दार सोजराबाईनं स्वतः उघडलं. आत झेंडूच्या माळा, लाल गालिचा, कट्ट्यामागच्या पडद्यावर सोनेरी कागदाची अक्षरं. लिंगम्माचा मुलगा सिद्धलिंग तिच्या मागं उभा होता, डोळे सुजलेले. अक्षरांकडं बघून तो संकोचला.

“मावशी, आमी फकस्त कोपऱ्यात बसवतो अप्पांना. तुमचं काही हलवायला नको.”

“कोपऱ्यात बसवायला तो काय चोरी करून आलाय? कट्ट्यावर बसव.” तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. “ती नावं काढून ठिव नीट. गुलाब काढ. झेंडू राहू दे, अप्पाला न्यायच्या विमानाला लागंल.”

आठ वाजेपर्यंत शिवशरणप्पा कट्ट्यावर बसलेला होता. पाठीला फळी, कपाळभर विभूती, गळ्यात इष्टलिंग, भोवती झेंडूची कमान. त्याच्या डोक्यावर भिंतीवर अंगणवाडीच्या बाईंनी काढलेला निळा हत्ती होता. लिंगम्मा पायाशी येऊन बसली. आत येताना ती सोजराबाईच्या समोरून गेली. दोघींचे पदर एकमेकांना घासले.

साडेदहाला अफजलपूरची गाडी आली.

मुलाचा बाप माउलीतात्या, उसाची चांगली वीस एकर, डोक्याला भगवी टोपी, आधी खाली उतरला. त्याला वाटलं होतं सनई असेल. गल्लीत भजन चाललं होतं, तेही कन्नडात. हरिओमनं पुढं होऊन हात जोडले, खुर्च्या भवनापुढच्या मांडवात मांडल्या आणि काय झालं ते निम्म्या आवाजात सांगितलं. साठ माणसं खुर्च्यांवर बसली. नवरामुलगा रविकुमार नवा कुर्ता चुरगळू नये म्हणून उभाच राहिला. कुणीतरी पाणी दिलं. पाण्यानंतर जे यायला हवं ते आलं नाही.

तासाभरानं तात्यानं सोजराबाईला गाठलं. भवनाच्या मागं, जिथं आचारी बंडेप्पा विझलेल्या भट्टीपाशी कांद्याच्या ढिगावर नजर ठेवून बसला होता.

“बाई, मयत किती वाजता हलतंय?”

“तेंचे सोयरे जनवाड्याहून यायलेत. दोन वाजतील.”

“आमचा मुहूर्त साडेबाराचा हाय.”

“व्हय.”

“मग?”

“मग काय तात्या? साडेबारा वाजतील अन् जातील.”

तात्याला असं कुणी बोलत नसावं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “हे बगा, मी सरळ माणूस हाय. मयताच्या दारात सोयरीक म्हणजे बायका काय म्हणत्यात ते मला ठाव. पहाटं पाचला उठलेली लेकरं हायेत, चहाचा घोट न्हाई. आमी वापस जातो. पुढचं पुढं बगू.”

पुढचं पुढं बघू. उदगीरवाले बरोबर हेच बोलले होते. हरिओमचा चेहरा उतरला. विजयश्रीनं गजऱ्याला हात लावला. “आत्या,” ती पुटपुटली, “निदान चहा तरी. भट्टी पेटवू द्या की.”

“न्हाई म्हणाले न मी. ती आत बसलीय नवऱ्याच्या पायाशी अन् भिंतीच्या ह्या अंगाला मी फोडणी देऊ? तिनं केलं तसं?” सोजराबाईचा आवाज चढला. “माज्या माणसाच्या मयतावर हुग्गी शिजवली तिनं. बारा वर्सं तो वास माज्या नाकातनं गेला न्हाई. तात्या, सोयरीक गेली तर जाऊ दे, पण ते काम माज्या हातनं व्हायचं न्हाई.”

बंडेप्पा पिंपावर बसला होता तो उठला. साठीचा, बुटका, पोटावर तेलाचे डाग पडलेला बनियन. लग्नातलं कुणाचंही कसलंही भांडण त्यानं आजवर कांदा चिरत ऐकलं होतं. मध्ये बोलायची ही त्याची पहिलीच वेळ.

“अक्का, त्या दिवशी भट्टीवर मीच व्हतो.”

“मग? तुला तर ठावच असंल.”

“ठाव हाय म्हणूनच बोलायलोय. लिंगम्माअक्कानं सकाळीच मला सांगितलं, बंडेप्पा, भट्टी इझव. मी इझवली. मग दुपारी कोहिनूरची दोन ट्रॅक्टर आली. तुमचीच माणसं. राघोबाअण्णांच्या मातीला. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, पहाटंपासून उपाशी. तुमच्या घरात चूल पेटणार न्हाई अन् गल्लीत कुणाच्या घरात शंभर माणसांचं आधण मावतंय? अक्का आली अन् म्हणाली, पेटव. आमच्यात सूतक न्हाई, मी पेटवते, मला काय म्हणायचं ते म्हणू दे लोकं. साखरपुड्याचं जे समदं व्हतं ते तुमच्या माणसांना वाढलं. भात, डाळीच्या पाण्याचं आंबट कट्टं, हुग्गी बी. नेत्रावतीच्या सासरच्यांना शेवटी केळी अन् चुरमुरे मिळाले.”

आत भजनाची एक ओळ संपून दुसरी सुरू झाली.

“माजी माणसं?” सोजराबाई म्हणाली. तिनं हे स्वतःला विचारावं तसं विचारलं. “मला कुणी सांगितलं न्हाई.”

“तुमी इचारलं कुठं, अक्का? आमी कामं करणारी माणसं. मला वाटलं तुमाला ठाव असंल. घरातल्यांनी सांगितलं असंल.”

सोजराबाईची मान हळूहळू मुलाकडं वळली.

हरिओम जमिनीकडं बघत होता. “मी बी जेवलो व्हतो, माय.”

“तू जेवलास.”

“दोनदा. भूक लागली व्हती. तेराव्याच्या आधी सांगणार व्हतो, तर तू म्हणालीस ह्या घरात तिचं नाव काढलं तर तोंड बघणार न्हाई. मग राहूनच गेलं.”

“बारा वर्सं राहून गेलं.”

“तुज्यापुढं बोलतंय कोण?” हरिओम म्हणाला आणि आपण हे मोठ्यानं म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. विजयश्री नवऱ्याच्या शेजारी सरकून उभी राहिली. सासूच्या विरुद्ध बाजूला ती लग्नानंतर पहिल्यांदाच उभी होती, पण तिकडं बघायला सोजराबाईला वेळ नव्हता.

ती भट्टीकडं बघत होती. थंड राख, वर टांगलेला रिकामा हंडा. तिनं पदर खोचला.

“पेटव,” ती बंडेप्पाला म्हणाली.

“काय टाकू, अक्का?”

“काय म्हंजे? जनवाड्याची माणसं यायलीत न? भात टाक. कट्टं कर, आंबट कमी, तेंच्यातली म्हातारी माणसं सोसत न्हाईत. बुंदीचा घाणा बी काढ. गोड न्हाई म्हणायचं न्हाई. हरिओम, पत्रावळ्या आण. विजयश्री, त्या गजऱ्याला काय चिकटलीस, पाण्याची घागर भर.”

मग ती तात्याकडं वळली. “तात्या, चहा आता मिळंल. जेवण बी मिळंल. ते साखरपुड्याचं न्हाई, मयताला आलेल्यांचं हाय. पंगत एकच बसंल. तुमाला बसायचं तर बसा.”

“सुपारी फुटल्याबिगर पोरीच्या घरचं अन्न आमी खात न्हाई,” तात्या म्हणाला. हा त्याच्या घरचा जुना रिवाज होता आणि परत जायला तो चांगला बहाणाही होता.

“पोरीच्या घरचं न्हाईच हे. भवनाचं हाय. इथं शिजलं की कुणाचं ते कुणी इचारत न्हाई. मी बी बारा वर्सं इचारलं न्हाई.” ती थांबली. “पण तात्या, एक सांगून ठिवते. माजी नात ह्या गल्लीतली हाय. उद्या तुमच्या अंगणात कुणाचं मयत आलं तर ती आधी चूल पेटवंल अन् मग तुमाला इचारंल. चालत असंल तर बसा. न्हाईतर गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी हाय.”

भट्टी पेटली. अर्ध्या तासानं भाताची पहिली वाफ गल्लीत गेली आणि अफजलपूरच्या खुर्च्यांवरची लेकरं आपोआप भवनाच्या मागं आली. त्यांच्यामागून त्यांच्या आया. जनवाड्याची माणसं पोचली तेव्हा पंगतीत जागा करून द्यायला अफजलपूरच्या बाया एकमेकींना सरकवत होत्या. साडेबारा वाजले तेव्हा तात्या मांडी घालून बसलेला होता आणि शेजारच्या एका विभूतीवाल्या म्हाताऱ्याबरोबर उसाच्या तोडणीबद्दल वाद घालत होता. त्यानं दुसऱ्यांदा कट्टं घेतलं. हात धुतल्यावर तो हरिओमपाशी आला.

“दुसरा मुहूर्त कवाचा हाय म्हणालाव?”

“मी कवा म्हणालो?”

“मग बगा की कुणाला इचारून. चार-सव्वाचारचा निघंल. तवर भवन धुवून घ्या.” त्यानं टोपी नीट केली. “म्हातारी लई तिखट हाय तुमची.”

“व्हय,” हरिओम म्हणाला. “रोजच.”

अंजू हिरव्या साडीत, मेंदीच्या हातांनी पंगतीत मीठ वाढत होती. रविकुमार तिच्या मागून लिंबाच्या फोडी घेऊन चालला होता. कुर्त्याच्या पुढच्या बाजूला सांडलेल्या आंबट कट्ट्याचा मोठा डाग पडला होता.

दोनला अजून वेळ होता. सोजराबाईनं एका पत्रावळीत भात, कट्टं आणि मूठभर बुंदी घेतली आणि भवनाचं पुढचं दार ढकललं. भजनवाले पाणी प्यायला उठले होते. आत लिंगम्मा एकटी, पाय पोटाशी घेऊन, नवऱ्याच्या पायाशी. खिडकीतून भट्टीचा धूर येत होता.

सोजराबाई तिच्या शेजारी बसली. गुडघे वाजले. पत्रावळ दोघींच्या मध्ये ठेवली. दोघी समोर बघत राहिल्या. आता समोर भिंत नव्हती, शिवशरणप्पा होता आणि त्याच्यावर निळा हत्ती.

“खाऊन घे,” सोजराबाई म्हणाली. “जनवाड्याची समदी जेवली.”

लिंगम्मानं पत्रावळीकडं पाहिलं. एक बुंदी उचलली, तोंडात टाकली, हळूहळू चावली.

“सोजरक्का,” ती म्हणाली, “त्या दिवशी गूळ कमी पडला व्हता.”

सोजराबाईनं कमरेची चावी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“वास तर लई चांगला सुटला व्हता,” ती म्हणाली.